नव्व्याण्णव टक्के

गावोगावी नळयोजना करणाऱ्या संस्थेच्या हिंगोली ऑफिसातलं जुनं सॉफ्टवेअर २००७ च्या मार्चअखेर बंद होणार होतं. कामं, सामान, दुरुस्ती असं सगळं एकाच जागी ठेवणारं नवं सॉफ्टवेअर साधनाने आठ दिवसांत उभं केलं होतं. आता फक्त जुनी कामं त्यात घ्यायची, की झालं! तिने जुनी यादी उघडली आणि तिचं डोकंच फिरलं. एकेचाळीस गावं, आणि एकूण एक काम नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलेलं.

"काका, दहा वर्षांत एकही काम पुरं केलं न्हाई व्हय तुमी?"

सुपरवायझर विश्वंभरकाका शांतपणे म्हणाले, "कामं झालीत, ताई. पण शंभर टाकलं की गाव यादीतून गायब होतं. मंग तिथं मोटार जळो का पाइप फुटो, कोणी ढुंकून पाहत न्हाई."

साधना हसली. "नव्यात तसं न्हाई, काका. काम संपलं की गाव आपोआप दुरुस्तीच्या यादीत जातं."

"पक्कं?"

"एकदम पक्कं."

"मंग टाका शंभर."

ती धडाधड शंभर टाकत गेली. शेवटच्या पुसेगावावर मात्र काकांनी तिला थांबवलं.

"ते राहू द्या. ते खरंच अपुरं हाय."

"काय राहिलंय?"

"एक तोटी बसवायची राह्यली," काका म्हणाले, "माह्या दारातली."