शेजारची सीट

वागळे इस्टेटमधला मेकॅनिक सर्वेश. त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन काढला.

"आँटी, आजपण गरम! कोण चालवतं गाडी? व्हॉल्व्हच्या टॅपेटचा गॅप थंड इंजिनवरच सेट करतात, आजपण काम राहिलं."

"चालवणार कोण? मार्सेल गेल्यावर बॅटरी तूच काढून नेलीस ना?"

हत्यारांची पिशवी उचलून तो निघाला.

मार्सेलची, माझ्या नवऱ्याची, ही दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार. जन्मभर तिलाच पुसत बसला. मला एकदाही शेजारी बसवलं नाही. म्हणायचा, सीट खराब होते.

विकायचीच होती मला. रागाने दार उघडलं, त्याची सीट चाचपली. गरम.

मग शेजारची.

तीही गरम होती, आणि कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी सावकाश फुगत होती.