टबातली पाहुणी

"हात बाहेर ठेव," धाकटी म्हणाली. "आज तुझा हात टबात गेला, तर मी तिघींना उचलून ठेवीन आणि हा खेळ बंद."

ताईंनी हात मांडीवर घेतला. तर्जनीला पट्टी होती. मागच्या खेपेला सासूबाई कडाडून चावल्या होत्या.

सासूबाई म्हणजे घरातली थोरली उंदरीण. राखाडी, गुबगुबीत, आणि पिंजऱ्यातल्या चिंधीन् चिंधीवर मालकी सांगणारी. तिच्या पुढेमागे करणारी पांढरी, बारकी ती नणंद. नावं धाकटीने ठेवलेली. धाकटीने जन्मात लग्न केलं नव्हतं, म्हणून तिला या नात्यांची गंमत वाटायची.

नवी आली तिला नाव नव्हतं. नुसती पाहुणी. तपकिरी रंग, बारीक डोळे, आणि मान डावीकडे अशी कललेली, की सतत कुणाचं तरी गुपित ऐकते आहे असं वाटावं. कानाच्या आत पू झाला होता. औषधाने तो गेला, पण मान कलली ती कललीच. सरळ जायला निघाली की गोल फिरायची, आणि गोल फिरली की तोल जायचा. तिची सोबतीण मेली, धनी परगावी निघाले, आणि ती या दोन बहिणींच्या दारी आली.

आल्यापासून तिचं खाणं सुटलं होतं. दुधात कालवलेला पाव ताई बोटावर धरायच्या, ती तोंड फिरवायची. हाताला आता तिच्या फासळ्या लागत होत्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी उलटसुलट करून तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, "आजार संपलाय. ही एकटेपणाने झुरते आहे. तुमच्या दोघी उंदरिणींनी हिला आपल्यात घेतलं तर जगेल. नाही तर औषध माझ्याकडे नाही."

त्या दोघी घेत नव्हत्या. न्हाणीघरातला कोरडा टब यासाठी निवडला होता, कारण त्या जागेवर कुणाचीच मालकी नव्हती. टब पुसून, वास घालवून तिघींना आत सोडायचं. पहिल्या खेपेला सासूबाई हुंगायला पुढे आल्या. पाहुणी कलंडायला लागली. ताईंची दोन बोटं आपसूक तिच्या कुशीला टेकली. पाहुणी उभी राहिली, आणि सासूबाईंचे केस ताठ झाले. त्या अंग तिरकं करून अशा अंगावर आल्या, की धाकटीला मध्ये टॉवेल टाकावा लागला. दुसऱ्या खेपेलाही तेच. फक्त या वेळी पाहुणीसाठीचा चावा ताईंच्या बोटाला बसला.

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" धाकटी म्हणाली होती.

सांगायला कशाला हवं? ताईंचं सारं आयुष्य इस्पितळात, आजारातून उठलेल्यांना पुन्हा चालायला शिकवण्यात गेलं होतं. त्यांच्या पाठीमागे एक हात धरून चालायचं. टेकवायचा नाही, पण काढायचाही नाही. शिडीवरून पडलेला एक म्हातारा सुतार पावलागणिक विचारायचा, "बाई, हात आहे ना?" ताई म्हणायच्या, "आहे हो आजोबा, तुम्ही पुढे बघा." तो आवाज त्यांना अजून ऐकू यायचा. त्यांच्या हातून कधी कुणी पडलं नव्हतं. निवृत्त होताना त्यांनी तेवढी एकच बढाई मारली होती.

आता पाहुणी टबाच्या मधोमध उभी होती. सासूबाई निघाल्या. नणंद मागून मान उंचावून बघत होती.

"अगं, पडेल ती," ताई म्हणाल्या.

"पडू दे."

"फाडून खाईल ही तिला!"

"ताई, अजून नऊ बोटं आहेत म्हणून उधळायची नसतात." धाकटीने त्यांचं मनगट धरलं. तिच्या दुसऱ्या हातात टॉवेल तयार होता.

पाहुणीने एक गोल घेतला. दुसरा पुरा झालाच नाही. ती कलंडली ती सरळ उताणी, चारही पाय वर, पांढुरकं पोट उघडं. सासूबाई तिच्या अंगावर चढल्या. ताईंनी डोळे मिटले.

किंकाळी आली नाही.

बऱ्याच वेळाने धाकटी हळूच म्हणाली, "बघ तरी."

सासूबाईंचे केस खाली बसले होते. पाहुणीला पंजाखाली धरून त्या तिचं तोंड चाटत होत्या. त्यात माया कमी आणि दटावणी जास्त होती. कलल्या मानेचा कान, मग गळा, मग पुन्हा कान. नणंदही येऊन शेपटीकडून कामाला लागली. जरा वेळाने सासूबाई बाजूला झाल्या आणि कोपऱ्यातल्या पावाकडे वळल्या. पाहुणी उठली, एक गोल फिरली, सासूबाईंच्या अंगावर जाऊन आदळली आणि तिथेच टेकून खायला लागली. सासूबाईंनी मानही वळवली नाही.

"खातेय गं," ताई म्हणाल्या, आणि त्यांना एकदम रडू आलं. धाकटी टबाच्या कडेवर बसली आणि हातातल्या टॉवेलनेच तोंड पुसू लागली.

ताईंना आता आठवलं. नणंद या घरात आली, त्या दिवशी तीही अशीच उताणी पडली होती. सासूबाईंनी हुंगलं होतं आणि सारं मिटलं होतं. तेव्हा ताईंना वाटलं होतं, घाबरट आहे बिचारी. नवीने एकदा उताणं पडून हार मानावी, सासूबाईंचं मागणं तेवढंच असायचं. पाहुणी दोन्ही खेपांना ते द्यायलाच निघाली होती, आणि ताईंनी तिला उभं धरून ठेवलं होतं.