अकराची जाहिरात

“वहिनी, इथे सही करा, म्हणजे ती काढ्याची जाहिरात बंद पडेल.” खालच्या मजल्यावरच्या कर्णिकांनी तक्रारअर्ज पुढे केला. “माझ्या बहिणीने ती बघूनच हृदयाच्या गोळ्या सोडल्या. आता दवाखान्यात पडलीय.”

शशिकलाबाईंनी पेन घेतलं. कर्णिकांचं खोटं नव्हतं. काढेवाल्यांनी बाईंच्या यजमानांना नवा सदरा घालून कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. दोन महिन्यांत ते गेले, छातीच्या त्याच दुखण्याने. जाहिरात मात्र केबलवर रोज अकराला लागायची.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि टीव्ही लावला.

“छातीत दुखायचं, जिना चढवत नव्हता,” यजमान सांगू लागले. “काढा सुरू केला आणि आता बघा, कसा ठणठणीत आहे!” सवयीप्रमाणे त्यांनी कॉलर नीट केली आणि कॅमेरा सोडून बाजूला बघत हसले. तिथे त्या दिवशी शशिकलाबाई उभ्या होत्या.

मग साबणाची जाहिरात लागली. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“उद्या या, भाऊजी.”

कर्णिकांनी अर्जाची घडी घातली. “कालही तुम्ही हेच म्हणालात, वहिनी.”