खुडलेली भूछत्रं

संतरामनं मोठ्या पांढऱ्या भूछत्राच्या डोक्यावर उगवलेली चार बारकी, करडी भूछत्रं नखानं खुडली आणि झुडपात भिरकावली. खालचं मोठं तेवढं कागदात गुंडाळलं. सलग तिसरा पावसाळा तो हे पाप करत होता. औंढ्याच्या त्या डोंगरउतारावर बघायला चिटपाखरू नव्हतं, तरी त्यानं एकदा मागं वळून पाहिलंच.

त्याच्या लेकीला, पुण्यात संशोधन करणाऱ्या मंजुषाला, हवी होती ती नेमकी ही बारकीच. दुसऱ्या भूछत्राच्या अंगावर वाढणारी, त्याच्याच जिवावर जगणारी ऐतखाऊ जात. असं आयतं खाता खाता स्वतःचं पोट भरायची कोणती जनुकं ही जात गमावून बसली, हे तिला शोधायचं होतं. सातवी शिकलेला संतराम हे सगळं शिरड शहापूरच्या पारावर धडाधड सांगायचा. ऐकणारे उठून गेले तरी सांगायचा.

बायको, शालूबाई, होती तोवर लेकीचा फोन तिच्याच हातात असायचा. संतराम लांबूनच ओरडायचा, "बरं हाय म्हणाव." मग ती गेली आणि फोन त्याच्या हाती आला, पण त्यात बोलायचं काय, ते काही तिनं सांगून ठेवलं नव्हतं. "जेवलात का?" "व्हय." "तब्येत?" "बराबर हाय." झालं, फोन बंद. मग दिवसभर घर खायला उठायचं.

अशात मंजुषानं हे भूछत्र मागितलं आणि बापाला कंठ फुटला. कोणत्या झाडाखाली उगवतं, माती कशी, पाऊस किती झाला, वास कसा येतो. दर रविवारी अर्धा अर्धा तास तो बोलायचा. पहिलं पार्सल बांधताना मात्र त्याच्या मनात आलं, हे एकदा मिळालं की पोरगी फोन कशाला करील? आणि नख आपोआप चाललं. "न्हाई जमलं अप्पा, पुढच्या पावसात पुन्हा धाडा," असं ती म्हणाली, की तो तोंडानं हळहळायचा आणि मनातून सुखावायचा.

या रविवारी मात्र ती म्हणाली, "अप्पा, दिवाळीत प्रबंध द्यायचाय. आता हे शेवटचंच."

फोन ठेवल्यावर संतरामला कळून चुकलं. लेकीची तीन वर्षं आपण मातीत घातली, आणि ती कशासाठी, तर आपल्याला करमत नाही म्हणून! बांधलेला कागद त्यानं तसाच फेकून दिला. सोमवारी उजाडताच तो पुन्हा डोंगरावर गेला. बारक्यांसकट तीन भूछत्रं त्यानं मुळापासून उचलली, मिठाईच्या खोक्यात वाळल्या पानांवर ठेवली आणि हिंगोलीला जाऊन स्वतःच्या हातानं पुण्याच्या गाडीत दिली. परत येताना तो लेकीची पाठवणी करून आलेल्या बापासारखा गप्प होता. आता रविवारी फोन वाजणार नाही, हे त्यानं मनाशी धरलंच होतं.

गुरुवारी फोन आला. "मिळालं, अप्पा! लई झाक आलंय."

गप्प बसला असता तर सगळं झाकून गेलं असतं. पण त्याला ते पचेना.

"मंजे, तुला एक सांगायचंय. दर साली मीच ते बारकं खुडून फेकून राहिलो होतो. तुला मिळालं तर तू फोन करणार न्हाईस, म्हणून. बापानंच तुझं नुकसान केलं, लेकरा."

संतरामच्या डोळ्यांना धार लागली.

"अप्पा," ती म्हणाली, "वरचं खुडलं म्हणून ते जात न्हाई. त्याचे धागे खालच्याच्या अंगभर पसरलेले असतात. जनुकं तपासली की लगेच दिसतात. मला ते पहिल्याच पार्सलात सापडलं होतं."

"मंग तीन साल काहून मागून राहिली होतीस?"

"दुसरं काही विचारलं असतं, तर तुमी माझ्याशी अर्धा तास बोलला असता का, अप्पा?"