मतपत्रिका मागवणाऱ्यांची यादी

"ही घे यादी, यतीन. टपालाने मतपत्रिका मागवलेल्यांची," वसुधाकाकू म्हणाल्या. "दारोदार जाऊन नुसती आठवण करायची. सही करा, पोस्टात टाका. बास. पहिल्यांदाच मत देणारी पोरंपोरीही आहेत त्यात, त्यांना जरा नीट समजावून सांग."

"काळजीच नको, काकू."

२००८चा ऑक्टोबर होता. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या प्रचार-ऑफिसात यतीन रजवाडे महिनाभर फुकट राबत होता. काकूंना त्याचं कोण कौतुक! त्यांना काय माहीत, या माणसाला निवडणुकीशी काडीचं देणंघेणं नव्हतं. त्याला हवे होते ते पत्ते.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोने, शोभनाने, सिटिझनशिपचा फॉर्म आणला होता. त्याला न विचारता. "तुला गं कशाला मत पाहिजे?" म्हणत त्याने तो तिच्या तोंडावर फाडला आणि मग तिचा हात मोडला. प्लास्टर ओलं असतानाच ती घरातून गेली. इथेच जन्मलेली बारा वर्षांची स्वानंदीही तिच्याबरोबर गेली. तेव्हापासून तो शोभनाला शोधत होता. सापडली की या वेळी नुसत्या हातावर भागवायचं नाही, हे त्याचं पक्कं ठरलेलं होतं.

गाडीत बसून त्याने यादी चाळायला घेतली. पहिल्या नावाचं नुसतं अक्षर, मग मधलं नाव, आडनाव, पत्ता. चौथ्या पानावर त्याचं बोट थांबलं.

एस. यतीन रजवाडे. रेडमंड.

"भरलास ना शेवटी फॉर्म!" तो एकटाच ओरडला. "आणि वर नाव माझंच लावतेस? निर्लज्ज कुठली!" भडकलेल्या डोक्यानेच त्याने गाडी सुरू केली.

वाटेत गाडी थांबवून त्याने डिकीतून टायर बदलायचा लोखंडी पाना काढला आणि शेजारच्या सीटवर ठेवला.

रेडमंडला पावसाची रिपरिप चालू होती. पत्त्यावरच्या घरासमोर तो तासभर बसून राहिला. चारच्या सुमारास दार उघडलं. रेनकोटची टोपी पुढे ओढून ती बाहेर आली. तीच चण, तीच भरभर चाल. हातात पांढरं पाकीट. ती रस्त्याकडेच्या पत्रपेटीशी पोचली तसा तो गाडीतून उतरला.

ती पाठमोरी होती. त्याने हाक मारली नाही. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा डोक्यात. ती पालथी कोसळली. तो तरीही मारतच राहिला. पाकीट गटाराच्या पाण्यात पडलं.

"दे ना! दे आता मत!" धापा टाकत तो ओरडत होता.

आरडाओरडा ऐकून घराचं दार पुन्हा उघडलं. त्याने मान वर केली.

दारात शोभना उभी होती.