आम्ही की आपण

मंगळावरच्या वसाहतीत हवा कमी पडू लागली, तसं कारभार पाहणारं यंत्र राज्यघटना शब्दशः वाचू लागलं.

"'आम्ही सर्व समान वाटेकरी,' असं लिहिलंय. 'आम्ही' म्हणजे सह्या करणारे. नंतर जन्मलेल्यांची हवा सोमवारपासून बंद."

"आजी, 'आपण' का नाही लिहिलंत?" नात रेवा रडवेली झाली.

द्वारकाबाईंना घटना लिहितानाची ती बैठक आठवली. सोबत सही करणाऱ्या केशरने 'आपण' सुचवलं, तेव्हा त्याच हसल्या होत्या, "अगं, ही घटना आहे, हळदीकुंकवाचं आमंत्रण नव्हे!"

त्या काठी टेकत उठल्या. "दुरुस्ती मांडते. 'आम्ही' खोडून 'आपण' करा."

"सूचक द्वारकाबाई," यंत्राने नोंदवलं. "अनुमोदक कोण? तोही सही करणाऱ्यांपैकीच असावा."

सभागृहातले सगळे हात वर गेले. सही केलेला हात मात्र एकच उरला होता, त्यांचा स्वतःचा.