आणखी एक प्रशिक्षक

मालक, क्लब तुम्ही बुडवलात. चार सामने हरले की प्रशिक्षक हाकलता. नवा येऊन संघ मोडतो, पुन्हा बांधायला घेतो, तेवढ्यात त्यालाही नारळ देता.

काल स्टँडमध्ये मेव्हणा म्हणाला, “भावजी, हाही नको आता. अशाने खालच्या गटात ढकलले जाऊ आपण.”

“अरे, माणसाला जरा उसंत तरी दे.”

“मागच्याच्या नावाने बोंबलताना नाही सुचली ती उसंत? आता प्रशिक्षक तुमचा सख्खा भाऊ आहे म्हणून?”

मागच्याचाही कोणी भाऊ इथेच माझ्या शिव्या ऐकत बसला असेल. तेवढ्यात आमच्यावर गोल झाला आणि अख्खा स्टँड ‘हटाव’ ओरडायला लागला.

दादा शाळेतली कायमची नोकरी सोडून तुमच्याकडे आलाय, मालक. त्याला किती सामने देणार?